शिक्कामोर्तब : संगणकीय संचिकेचे आणि विश्वासाचे

(उमरी, जि. नांदेड येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामात उमरीचे नाव ज्या एका दिवसाने कोरले गेले, तो दिवस होता ३० जानेवारी १९४८. हैदराबाद स्टेट बँकेच्या येथील शाखेवर त्या दिवशी मुक्तिसैनिकांनी चढाई केली आणि सुमारे वीस लाखांची रोकड ताब्यात घेतली. रझाकारांच्या अत्याचाराने गांजलेल्या प्रजेच्या प्रतिकाराला हे धन लागणार होते. ज्या काळात वीस लाख हा आकडा सामान्य माणसाच्या कल्पनेतही मावत नसे, त्या काळात ही रक्कम हालाखीत दिवस काढणाऱ्या तरुणांच्या हाती आली. रात्र अंधारी होती, वाट जंगलाची होती आणि पाहणारा कोणी नव्हता. तरीही त्या रकमेचा हिशेब ठेवला गेला आणि तो पुढे नेतृत्वापुढे मांडला गेला, ही गोष्ट मराठवाड्यातील घराघरांत आजही अभिमानाने सांगितली जाते.

उमरीच्या या प्रकरणात साहस तर आहेच. परंतु साहस अनेक ठिकाणी घडले. उमरीचे वेगळेपण हिशेबात आहे. 'आमच्यावर विश्वास ठेवा' एवढेच म्हणून ते तरुण थांबले नाहीत. ज्याला तपासायचे असेल त्याला तपासता येईल, असे त्यांनी वागून दाखविले. सार्वजनिक जीवनातील विश्वास अशाच पायावर उभा राहतो. आजचा विषय वरकरणी संगणकाचा आहे. सॉफ्टवेअर बनविणाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी म्हणजे काय, ती कशी पडताळावी आणि कोठे ती अपुरी पडते, हा तो विषय. पण त्याचे मूळ उमरीला परिचित अशाच प्रश्नात आहे : समोर आलेली वस्तू, जो म्हणतो त्याचीच आहे का, आणि वाटेत तिच्यात कोणी हात घातला आहे का?

शेजारच्या घरी शिरलेला चोर

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या कार्यालयांपुरता आहे, असा समज असेल तर तो सोडून द्यावा लागेल. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील एका शासकीय कर्मचाऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर अनोळखी क्रमांकावरून लग्नाचे निमंत्रण आले. सोबत पत्रिकेसारखी दिसणारी संचिका होती. लग्नसराईत पत्रिका उघडण्यात वावगे ते काय? परंतु ती पत्रिका नव्हतीच. मोबाईलमध्ये स्वतःला बसवून घेणारा तो एक प्रोग्राम होता. संचिका उघडली गेली आणि खात्यातील सुमारे १ लाख ९० हजार रुपये नाहीसे झाले.

येथे दरवाजा फुटला नाही, कुलूप तुटले नाही. घरधन्याने स्वतःच्या हाताने दार उघडले. कारण दारावरचा माणूस ओळखीचा भासला. शेतकरी सन्मान निधीच्या यादीचे, वाहनाच्या दंडाच्या चलनाचे, बँकेच्या केवायसीचे अशी निरनिराळी सोंगे घेऊन हाच चोर गावोगाव फिरत आहे. पूर्वी गावात नवखा माणूस आला की पारावरचे चार वृद्ध त्याला विचारीत, 'कोठला रे बाबा तू? कोणाकडे आलास?' मोबाईलच्या पडद्यावर येणाऱ्या नवख्या संचिकेला तो प्रश्न विचारण्याची सवय मात्र समाजाला अजून लागलेली नाही.

तोतयाचा इतिहास

सोंग घेऊन येणाऱ्याचा धोका महाराष्ट्राला नवा नाही. १७६१ च्या पानिपतच्या रणांगणावर सदाशिवरावभाऊ नाहीसे झाले आणि काही वर्षांनी 'मीच भाऊसाहेब' म्हणणारा तोतया उभा राहिला. चेहऱ्यातील साम्याने भलेभले फसले. १७७६ मध्ये तर कोकणात हजारो माणसे त्याच्यामागे गेली, किल्ले त्याच्या हाती आले. अखेर पेशव्यांच्या दरबारने त्याची चौकशी करून त्याला देहान्त शासन दिले. केवळ दिसण्यावरून ओळख मान्य करणाऱ्या समाजाला किती मोठी किंमत मोजावी लागते, याचा हा धडा आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र मराठ्यांचे राज्य विलक्षण सावध होते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या माथ्यावर मुद्रा असे. ती पत्र कोणाचे हे सांगे. मजकूर जेथे संपतो तेथे दुसरी लहान मुद्रा उमटविली जाई. तिला मर्यादामुद्रा किंवा मोर्तब म्हणत. लेखनाची मर्यादा येथे संपली, यापुढे कोणी एक अक्षर जोडील तर ते खोटे समजावे, असा तिचा अर्थ. कागद लांब असला आणि तुकडे चिकटवून केलेला असला, तर जोडावरही शिक्का मारीत, म्हणजे मधला तुकडा बदलण्याची सोय उरत नसे. मराठीतील 'शिक्कामोर्तब' हा शब्द या व्यवस्थेतून आला. कर्ता कोण, आणि मजकूर अखंड आहे का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्यात होते. आजच्या डिजिटल स्वाक्षरीकडून जगाची अपेक्षा नेमकी याच दोन उत्तरांची आहे.

मराठवाड्याच्या वृद्ध मंडळींना आणखी एक उदाहरण आठवेल. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया कलदार म्हणून ओळखला जाई; सात हाली म्हणजे सहा कलदार असा साधारण हिशेब. पेठेतील सराफ रुपया हाती आला की तो दगडावर वाजवून पाही. रुपया देणारा पाटील असो की परका, वाजविणे चुकत नसे आणि कोणाला त्याचा रागही येत नसे. पारख करणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे, हे त्या समाजाला कळत होते.

बियाण्याच्या पिशवीवरील खूणचिठ्ठी

शेतकऱ्याला तर हे शास्त्र नव्याने शिकविण्याची गरजच नाही. मृगाच्या तोंडावर बियाणे घेताना जाणता शेतकरी आधी पिशवीची शिवण पाहतो, मोहोर पाहतो, मग चिठ्ठीचा रंग पाहतो. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्याला पांढरी आणि प्रमाणित बियाण्याला निळी चिठ्ठी असते. चिठ्ठीवर लॉट क्रमांक असतो, उगवणशक्तीचा आकडा असतो, वैधतेची मुदत असते. पावती जपून ठेवली जाते, कारण उगवण झाली नाही तर तीच पुरावा. बोगस बियाण्याने ज्याचा एक हंगाम बुडाला, त्याला या चिठ्ठीची किंमत कोणी समजावून सांगावी लागत नाही.

मात्र हाच शेतकरी, किंवा त्याचा शिकलेला मुलगा, संगणकावर किंवा मोबाईलवर एखादी संचिका उतरवून घेतो तेव्हा शिवण पाहत नाही, चिठ्ठी पाहत नाही, मुदत पाहत नाही. बियाण्याची पिशवी वाईट निघाली तर एक हंगाम जातो. संगणकात शिरलेले विषारी बी मात्र घराची सारी ठेव, कार्यालयाचे सारे दप्तर आणि कधीकधी सबंध संस्थेची पत घेऊन जाते. पुण्यातील एका नामवंत सहकारी बँकेवर, कॉसमॉस बँकेवर, ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या संगणकीय हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. उमरीच्या बँकेवर चढाई करणारे समोरून आले होते आणि त्यांनी हिशेब दिला. हे चोर समुद्रापलीकडून येतात, अदृश्य असतात आणि त्यांच्याकडे हिशेब मागण्यास कोणी सापडत नाही.

ही स्वाक्षरी कशी घडते?

डिजिटल स्वाक्षरी म्हणजे कागदावरील सहीचे छायाचित्र, असा एक गैरसमज सार्वत्रिक आहे. वस्तुतः तिचा शाईशी काही संबंध नाही. ती निव्वळ गणिताची करामत आहे.

प्रथम संचिकेचा ठसा काढला जातो. संचिका एका पानाची असो की हजार ग्रंथांएवढी, ठराविक गणिती रीतीने तिच्यातून एक ठराविक लांबीची संख्या काढतात. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एसएचए-२५६ या रीतीत हा ठसा ६४ चिन्हांचा असतो. संचिकेतील एक अक्षर, एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. मर्यादामुद्रेचे काम हा ठसा करतो.

पुढचा प्रश्न, हा ठसा कोणी दिला? त्यासाठी दोन किल्ल्यांची योजना आहे. एक खासगी, जी सॉफ्टवेअर बनविणाऱ्याने प्राणापलीकडे जपायची. दुसरी सार्वजनिक, जी साऱ्या जगाला वाटायची. खासगी किल्लीने ठशावर केलेली स्वाक्षरी सार्वजनिक किल्लीने तपासता येते. परंतु सार्वजनिक किल्ली हाती असली तरी तशी स्वाक्षरी करता येत नाही. ही कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये जगापुढे मांडली आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शामिर व एडलमन या त्रयीने तिला व्यवहार्य रूप दिले. त्यांच्या रीतीचे बळ मूळ संख्यांमध्ये आहे : दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधून काढणे अतिशय दुष्कर. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे आणि कार्यक्षम रीतीने ठरविण्याची पद्धत २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केली आणि गणिताचे जग थक्क झाले.

तिसरा प्रश्न उरतो. ही सार्वजनिक किल्ली अमुक कंपनीचीच, हे कोण सांगणार? त्यासाठी प्रमाणन करणाऱ्या संस्था असतात. बियाण्यासाठी जशी अकोल्याची बीज प्रमाणीकरण यंत्रणा, तशा या. कंपनीची ओळख तपासून त्या प्रमाणपत्र देतात. त्यांच्या डोक्यावर आणखी एक मूळ संस्था असते. अशी ती साखळी असते. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला आणि डिजिटल स्वाक्षरीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. अशा संस्थांवर देखरेखीसाठी नियंत्रकाचे पद निर्माण झाले. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तलाठ्याच्या सहीसाठी हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याने ही स्वाक्षरी त्याच वेळी पाहिली आहे, फक्त तिच्या पोटातील यंत्रणा त्याला कोणी उलगडून सांगितली नाही.

पडताळणीची रीत

आता प्रत्यक्ष व्यवहार. विंडोज संगणकावर एखादी संचिका उतरवून घेतली की ती लगेच चालवू नये. तिच्यावर माऊसचे उजवे बटण दाबावे, 'प्रॉपर्टीज' उघडावे. तेथे 'डिजिटल सिग्नेचर्स' असे पान आहे का ते पाहावे. ते पानच नसेल तर संचिकेवर प्रकाशकाची अंतर्भूत स्वाक्षरी नाही, म्हणजे पिशवीला चिठ्ठीच नाही, असे समजावे. पान असेल तर त्यातील नाव निवडून 'डिटेल्स' पाहावे. स्वाक्षरी ठीक आहे असे संगणकाने स्पष्ट सांगितले पाहिजे. अनेकजण केवळ ते पान दिसले की समाधान पावतात. ही चूक आहे. चिठ्ठी असणे आणि चिठ्ठी खरी असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत.

त्यानंतर स्वाक्षरी करणाऱ्याचे नाव अक्षर अक्षर वाचावे. प्रसिद्ध नावात एखादे अक्षर मागेपुढे करून फसविण्याची युक्ती जुनीच आहे. ज्या कंपनीचे सॉफ्टवेअर म्हणून संचिका घेतली त्याच कंपनीचे नाव तेथे हवे. भलत्याच व्यक्तीचे किंवा अनोळखी संस्थेचे असेल तर हात आखडता घ्यावा. मग प्रमाणपत्राची साखळी आणि स्वाक्षरीची वेळ पाहावी. प्रमाणपत्राची मुदत संपलेली असली तरी मुदतीच्या आत स्वाक्षरी झाल्याची कालमुद्रा असेल तर ती सामान्यतः ग्राह्य धरली जाते. जुन्या खरेदीखतावरील सही, करणारा पुढे निवृत्त झाला म्हणून खोटी ठरत नाही, तसेच हे.

प्रोग्राम बसविताना संगणक परवानगी विचारतो, तेव्हाही प्रकाशकाचे नाव दिसते. प्रकाशक पडताळलेला असेल तर पट्टी निळी असते. 'अननोन पब्लिशर' असे शब्द आणि पिवळी पट्टी दिसली की थांबावे. घाईघाईत 'येस' दाबणारे बोट हाच चोराचा सर्वांत मोठा सहायक आहे. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी जीपीजी नावाचे साधन आहे. त्याने प्रकाशकाच्या सार्वजनिक किल्लीवरून संचिका पडताळता येते.

काही प्रकाशक संकेतस्थळावर संचिकेचा ठसा छापतात. उतरवून घेतलेल्या संचिकेचा ठसा त्याच्याशी जुळवून पाहणे चांगलेच. पण ते पुरेसे नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या लोकप्रिय प्रणालीच्या संकेतस्थळावरच चोरांनी ताबा मिळविला आणि खऱ्या संचिकेच्या जागी विषारी संचिकेकडे नेणारा दुवा ठेवला. ज्याच्या हाती घर गेले, तो दारावरची पाटीही बदलू शकतो. त्याच पानावर छापलेला ठसा बदलणे त्याला काय अवघड? मूळ खासगी किल्ली मात्र त्या घरात ठेवलेली नसेल, तर खरी स्वाक्षरी त्याला करता येत नाही. ठसा आणि स्वाक्षरी यांतील अंतर हे असे आहे.

मोबाईलचे प्रकरण निराळे आहे आणि ते नीट समजून घेतले पाहिजे. अँड्रॉइडवरील प्रत्येक एपीके संचिकेवर स्वाक्षरी असतेच. परंतु ती बनविणाऱ्याने स्वतःच स्वतःला दिलेली असू शकते. पुढची आवृत्ती त्याच हातची आहे एवढे तिच्यावरून कळते. तो हात सज्जनाचा की दुर्जनाचा हे कळत नाही. हिंगोलीच्या त्या पत्रिकेवरही स्वाक्षरी असणारच, कारण त्याशिवाय ती बसलीच नसती. म्हणून मोबाईलसाठी नियम एकच : व्हॉट्सअॅपवरून आलेली एपीके संचिका, मग ती सख्ख्या भावाच्या क्रमांकावरून आलेली का असेना, बसवायची नाही. भावाचा मोबाईल आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. अॅप अधिकृत दुकानातूनच घ्यावे आणि 'अनोळखी स्रोत' ही परवानगी बंद ठेवावी.

शिक्काच चोरीला गेला तर?

डिजिटल स्वाक्षरी म्हणजे सर्व रोगांवरील मात्रा, असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. तिच्याही फसवणुकीचा इतिहास आहे आणि तो उद्बोधक आहे.

जानेवारी २००१ च्या अखेरीस व्हेरिसाइन या अमेरिकेतील विख्यात प्रमाणन संस्थेने दोन प्रमाणपत्रे मायक्रोसॉफ्टच्या नावाने दिली. घेणारा होता तोतया. नाव खरे, प्रमाणपत्र खरे, माणूस खोटा. तपासणारा गाफील राहिला की साखळीचा काय उपयोग?

२०१० मध्ये स्टक्सनेट नावाचा संगणकीय कीटक उघडकीस आला. इराणच्या अणुप्रकल्पातील यंत्रे बिघडविण्यासाठी तो घडविलेला होता. पण त्याची लागण इराण, इंडोनेशिया यांच्यामागोमाग भारतातील संगणकांनाही मोठ्या प्रमाणावर झाली. त्याच्यावर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या दोन तैवानी कंपन्यांच्या खऱ्या स्वाक्षऱ्या होत्या! राजाची मुद्राच चोरीला गेली, तर बनावट फर्मानही अस्सल दिसणार. २०१७ मध्ये सीक्लीनर या घरोघरी वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामच्या एका आवृत्तीत कारखान्यातच विष मिसळले गेले आणि कंपनीने नकळत त्यावर स्वतःची स्वाक्षरी केली. सुमारे २२ लाखांहून अधिक संगणकांवर ती आवृत्ती पोहोचली.

यातून काय निष्पन्न होते? स्वाक्षरी वस्तूचे कुल सांगते, शील सांगत नाही. म्हणून तिला टाकाऊ ठरविणे हा मात्र उलट्या बाजूचा मूर्खपणा. एखाद्या वेळी निळ्या चिठ्ठीच्या पिशवीतील बियाणे उगवले नाही, म्हणून कोणी रस्त्याच्या कडेची सुटी सरकी पेरीत नाही. अशा प्रकरणांनंतर जगाने नियम कडक केले. १ जून २०२३ पासून सॉफ्टवेअरवर स्वाक्षरी करण्याच्या खासगी किल्ल्या सुरक्षित हार्डवेअर उपकरणातच ठेवणे बंधनकारक झाले. चोराने शिकविलेला धडा साव विसरला नाही, म्हणजे पुरे.

स्वदेशीची कसोटी

येथे एक कटू प्रसंग सांगणे आवश्यक आहे. जुलै २०१४ मध्ये भारताच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणन यंत्रणेकडून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे बाहेर पडल्याचे गूगलच्या लक्षात आले. भारताच्या नियंत्रकांनी तातडीने ती मधली प्रमाणपत्रे रद्द केली, चौकशी केली. चूक झाली ती झालीच. परंतु जगाच्या दृष्टीने भारतीय शिक्क्याची पत त्या दिवशी उतरली. परकीय ब्राउझर कंपन्यांनी भारतीय मूळ प्रमाणपत्रावर मर्यादा घातल्या वा त्याला थाराच दिला नाही.

त्याचा परिणाम असा की भारतातील अनेक शासकीय संकेतस्थळे आणि बँका आपली ओळख पटवून देण्यासाठी परदेशी प्रमाणन संस्थांकडे जातात. भारतीय नागरिकाने भारतीय संस्थेवर विश्वास ठेवावा की नाही, हे परक्या भूमीवरील एखादी कंपनी ठरविते. राष्ट्राच्या सार्वभौमत्वाचा विचार करणाऱ्याला ही गोष्ट बोचल्याशिवाय राहणार नाही. ही उणीव ओळखून केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर निर्मितीची स्पर्धा जाहीर केली; भारताच्या मूळ प्रमाणपत्राला स्थान देणारा विश्वासकोश ही तिची महत्त्वाची अट होती. मार्च २०२५ मध्ये झोहो या कंपनीने तीत प्रथम क्रमांक पटकाविला. तिचे संस्थापक श्रीधर वेम्बू यांनी तामिळनाडूतील तेनकाशीजवळच्या खेड्यात बसून जगभर विकले जाणारे सॉफ्टवेअर घडविले. महाराष्ट्रातही रहिमतपूरसारख्या गावातून आलेल्या, शिक्षण अर्ध्यावर सोडून यंत्रदुरुस्ती करणाऱ्या कैलास काटकर यांनी बंधू संजय यांच्यासह पुण्यात क्विक हील हे विषाणुरोधक सॉफ्टवेअर उभे केले आणि ते देशभरातील संगणकांवर पोहोचले.

स्वदेशीचा अभिमान अवश्य असावा. पण स्वदेशी म्हणजे सवलत नव्हे. घरचे आहे म्हणून तपासू नये, असे म्हणणारा स्वदेशीचा घात करतो. २०१४ ची चूक परक्याने केली नव्हती. ती शिस्तीच्या अभावातून घडली होती, आणि गेलेली पत शिस्तीनेच परत मिळेल. भारतीय शिक्का जगात चालावा असे वाटत असेल, तर तो वाजवून पाहणाऱ्याला खणखणीत लागला पाहिजे.

गावपातळीवरील कर्तव्य

दिल्लीने काय करावे हे सांगणे सोपे. उमरीत काय करावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा.

सध्या ग्रामपंचायतीच्या निधीचे वितरण सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीने होते. ही स्वाक्षरी एका लहानशा पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते. ठिकठिकाणी ते टोकन आणि त्याचा पासवर्ड संगणक चालविणाऱ्या मुलाच्या खणात पडलेला आढळतो. 'मला त्यातले कळत नाही, तूच कर' हे वाक्य त्यामागे असते. कोऱ्या धनादेशांवर सह्या करून पुस्तकच दुसऱ्याच्या हवाली करण्यासारखे हे आहे. मुलगा प्रामाणिक असेलही. पण उद्या त्याच्या संगणकात चोर शिरला तर कायद्यासमोर उभे राहावे लागेल ते सरपंचाला. विशेषतः प्रथमच निवडून आलेल्या भगिनींनी हे टोकन स्वतःच्या कनवटीला ठेवावे, स्वतः वापरण्यास शिकावे. मुद्रा ज्याच्या हाती, अधिकार त्याच्या हाती, हे तत्त्व शिवकाळाइतकेच आजही खरे आहे.

सेवा केंद्रे, पतसंस्था, शाळा येथील अनेक संगणकांवर चोरीचे, 'क्रॅक' केलेले सॉफ्टवेअर असते. कुलूप फोडलेल्या प्रोग्राममध्ये स्वाक्षरी मोडलेली असते, कारण त्याच्यात कोणीतरी हात घातलेला असतो. तो हात फक्त परवान्यापुरता थांबला असेल, याची हमी कोण देणार? ते चालविण्यासाठी विषाणुरोधक बंद करण्याची सूचनाही अनेकदा सोबत मिळते. पहारेकऱ्याला झोपवून आत घेतलेला पाहुणा पाहुणा नसतो. ज्याला महागडे सॉफ्टवेअर परवडत नाही, त्याच्यासाठी विनामूल्य आणि मुक्त सॉफ्टवेअरचा राजमार्ग आहे. सी-डॅकने घडविलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही आहे. चोरीची गरज नाही.

नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ आहे, गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे शिकणाऱ्या तरुणांनी सुट्टीत गावी आल्यावर एक तास आई-वडिलांसाठी आणि एक तास शेजाऱ्यांसाठी दिला, वर सांगितलेली पडताळणी करून दाखविली, तर ती राष्ट्रसेवाच होय. गणेशोत्सवाच्या मांडवात, बचत गटाच्या बैठकीत, सेवा केंद्राच्या भिंतीवर तीनच प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहावेत : ही संचिका कोणी पाठविली? तिच्यावर स्वाक्षरी कोणाची? ती स्वाक्षरी तपासली का? आणि एवढे करूनही घात झालाच, तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. पहिल्या काही तासांत पैसे अडविण्याची शक्यता सर्वाधिक असते. फसला गेलेला माणूस मूर्ख नसतो. त्याला हसणारा गाव मात्र पुढच्या माणसाला गप्प बसायला शिकवितो आणि चोराचे काम सोपे करतो.

सज्जनहो, ज्या हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर येथे चढाई झाली, ती बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. हाली सिक्का इतिहासजमा झाला, निजाम गेला, रझाकार गेले. १९४८ च्या त्या तरुणांपैकी बहुतेकांच्या नावाचे फलकही कोठे नाहीत. पण त्यांनी ठेवलेला हिशेब उमरीच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे. त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या हाती आज मोबाईल आहे आणि त्या मोबाईलमध्ये घरादाराची पुंजी आहे. आजोबांनी वीस लाखांतील पैसाही हिशेबाबाहेर जाऊ दिला नाही. नातवाने डोळे मिटून दाबलेल्या एका बटणाने घराची पुंजी जाऊ नये, एवढी सावधता उमरीला अवघड नाही. त्या पिढीचा वारसा सांगण्याचा अधिकार तशा सावधतेनेच मिळणार आहे.

भारतमाता की जय!